तुरळक ठिकाणी

मी बबन, केदारखेड्याचा, मंडपवाला. तसं पाह्यलं तर आमचं घराणं काही मंडपवाल्याचं न्हाई, मव्हा बाप दुसऱ्याच्या रानात सालानं राह्यचा, अन् त्याच्याजवळ एक मोठी ताडपत्री व्हती, ती कुठून आल्ती ते त्यानं मरेपर्यंत कुणाला सांगितलं न्हाई. गावात कुणाचं लग्न निघालं की लोक यायचे, म्हणायचे ताडपत्री द्या. बाप न्हाई म्हणायचा न्हाई, पण ताडपत्रीसंगं सवता जायचा, कारण त्याचा जीव तिच्यात. मंग तिथं गेल्यावर बांबू कुठं रोवायचा, दोरी कुठं ताणायची, हे तोच सांगायचा, अन् जेवून यायचा. असं करता करता लोकच त्याला मंडपवाला म्हणायला लागले. त्याच्या माघारी मव्हा थोरला भाऊ, त्याला आम्ही दादा म्हणतो, त्यानं अन् म्या मिळून पाइप आणले, छताचं कापड आणलं, कनाती आणल्या, अन् धंदा सुरू केला. आता तुम्ही जालन्याहून आले, म्हणता का ढगाचं सांगा, मोबाइलवरच्या हवामानाच्या अलर्टचं सांगा. सांगतो ना. पण मंडपाचं सांगितल्याबिगर ढगाचं कसं सांगू, मव्हं आभाळ तर मंडपाच्या वरच सुरू होतं.

काय सांगू तुम्हाला, शेतकरी आभाळाकडं पाहतो तो पाऊस यावा म्हून, अन् मी पाहतो तो येऊ नये म्हून. दोघं एकाच बांधावर उभे राहून एकाच ढगाला दोन गोष्टी म्हणतो. म्हून मला गावात पावसाचा दुश्मन म्हणतात, मस्करीत म्हणतात, पण म्हणतात. सीझन आमचा उन्हाळ्याचा, चैत, वैशाख, अन् त्याच दिवसात हे अवकाळीचं वावधान, मतलब वादळवारं, सुटतं. पावसाळ्यातल्या पावसाचं मला भ्या न्हाई. ते आभाळ घोंगडं पांघरल्यावानी येतं, त्याला ना आकार ना कडा, सगळीकडून सारखं राखाडी, अन् मंग झड लागते, दिवस दिवस भुरभुर. त्याच्यात वारं नसतं. फकस्त छताला पोट पडतं, मतलब पाणी साचून कापड खाली लोंबतं, मंग बांबूनं खालून ढोसलं की पाणी वाहून जातं, एखाद्या पाव्हण्याच्या अंगावर पडतं, लोक हसतात, झालं.

भ्या वाटतं ते उभ्या ढगाचं. सकाळी काही नसतं बघा. लई उंचावर पिंजलेल्या कापसावानी रेघा असतात, त्या बिनकामाच्या, त्यातून थेंब पडत न्हाई. दुपारी बारके बारके पांढरे ढग निघतात, खालून सपाट अन् वरून फुगीर, ते बी गरीब. पण त्यातला एखादा जव्हा फूलकोबीच्या गड्ड्यावानी वर वर चढायला लागतो, थांबतच न्हाई, तव्हा मी जेवत असलो तरी ताट सरकवतो. वर जाऊन जाऊन तो जागा संपल्यावानी आडवा पसरतो, लोहाराची ऐरण असते ना, बराबर तशी. ऐरण दिसली की समजायचं. मंग वारं एकदम बंद पडतं, पान हालत न्हाई, अंगाला चिकचिक सुटते, लोक म्हणतात काय बाई उकडून राह्यलंय, अन् त्याच्यानंतर एक थंडगार झोत येतो. गार वाटतो, मातीचा वास येतो, लोक खुश होतात. मंडप तोच नेतो. पाऊस मागून येतो, गारा मागून येतात, ईज पडते ती येगळी, पण मंडप नेतो तो पहिला गार झोत.

हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं न्हाई, दादाच्या पायानं शिकवलं. आमची जवानी व्हती, तिकडं भोकरदनच्या पुढं एका लग्नाला मंडप व्हता, चारी बाजूंनी कनाती लावलेल्या, कारण घरच्यांना ऊन नको, धूळ नको. झोत आला अन् कनातीमधून आत शिरला, जायला वाट न्हाई, मंग छत फुगलं. आता माणसाचा सोभाव काय, जे उडून राह्यलं ते धरायचं. दादानं मधला पाइप दोन्ही हातांनी धरला. मंडपानं त्याला पाइपासकट उचलला अन् आपटला. तव्हापासून दादा लंगडतो. पण त्या दिवशी दवाखान्यात पडल्या पडल्या मला म्हणला, बबन्या, कापड जाऊ दे, माणूस धर. आमच्या धंद्याचा हाच मंतर. वारं आलं की लोक दोऱ्या ओढायला पळतात, आम्ही दोऱ्या सोडायला पळतो. पाहणाऱ्याला वाटतं हे येडे झाले.

आता अलर्टचं. पहिले आम्हाला रेडिओवर ऐकू यायचं, मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस. आम्ही हसायचो. हे तुरळक ठिकाण हाये तरी कुठं, कोण्या तालुक्यात, कोणती यष्टी जाते तिथं. आता मोबाइलवर येतं, रंगानं येतं. हिरवा मतलब फिकीर न्हाई. पिवळा मतलब आभाळावर नजर ठेवा. नारंगी मतलब तयारीत राहा, काही बी होऊ शकतं. लाल मतलब आता इचार करू नका, सामान सोडा, माणसं आत घ्या. हे बराबर हाये, पण तो रंग येतो सगळ्या जिल्ह्याला. अन् जिल्हा केवढा, इकडं धावड्याच्या डोंगरापासून तिकडं खाली गोदावरीपर्यंत. उभा ढग असतो चार गावाएवढा. मंग नारंगी आला की दहा ठिकाणी मंडप असतात अन् एका ठिकाणी वावधान होतं. बाकीचे नऊ जण म्हणतात, हे मोबाइलवाले खोटं बोलतात. मी बी म्हणायचो. मव्हा बी त्या नऊ जणांतच नंबर लागायचा हमेशा.

मनीषाच्या लग्नाचं सांगतो, त्याच्यासाठीच तर बसलो.

मनीषा मव्ही एकुलती एक पोरगी. मंडपाच्या कापडाच्या गठ्ठ्यावर झोपून मोठी झाली ती. धावड्याचे शेषराव, ते बी मंडपवाले, मव्हे जुने दोस्त, त्यांनी एका साली जालन्याहून गुलाबी छत आणलं, झालरीचं, मधे पांढरं फूल. आमच्या दारात ते उघडून दाखवलं तव्हा मनीषा एवढीशी, त्याच्याखाली जाऊन उताणी पडली अन् म्हणली, शेषरावकाका, मव्हं लगीन याच्याखाली. शेषरावनं तव्हापासून ते छत राखून ठेवलं. भारी पार्टी आली तरी दिलं न्हाई, म्हणायचे ते पोरीचं हाये.

पोरगी शिकली, जालन्याला बियाण्याच्या कंपनीत लागली, अंबडकडचं स्थळ आलं, पोरगा चांगला, व्याही हसतमुख माणूस, लग्न वैशाखात धरलं. आता आमच्या मंडपवाल्यांत एक रीत हाये. मंडपवाल्याच्या घरचं लग्न असलं की तो सवताचं सामान लावत न्हाई. आजूबाजूचे मंडपवाले आपल्या जवळची सगळ्यात चांगली एक एक चीज आणतात अन् सवता लावून देतात, बिगर पैशाचं. कुणी कमान आणली, कुणी झुंबर आणलं, कुणी पायघड्या. शेषरावनं गुलाबी छत आणलं. काय सांगू, पूर्णेच्या काठाला असा मंडप कधी लागला न्हाई अन् लागणार न्हाई. लोक लग्नाच्या आधीच नुसता मंडप पाहायला येऊन राह्यले व्हते. मी खाटेवर बसून पाहायचो. दुसऱ्याच्या पोरींना आयुष्यभर मंडप घातले, आज आपल्या पोरीच्या डोक्यावर छत हाये, छाती फुगून आल्ती.

अन् लग्नाच्या सकाळी मोबाइल वाजला. नारंगी. वादळी वारं, गारा, तुरळक ठिकाणी.

मी बाहेर येऊन वर पाह्यलं. ऊन चकचकीत, पण उंचावर, सकाळी सकाळीच, बारके बारके बुरूज उभे राहावे तशी ढगांची रांग. हे लक्षण चांगलं न्हाई. सकाळी बुरूज दिसले की दुपारी ऐरण दिसती, दर वेळेस न्हाई, पण दिसती. मी दादाकडं पाह्यलं, तर दादा बी काठीवर हात ठेवून वरच पाहून राह्यला व्हता. त्यानं मव्ह्याकडं पाह्यलं अन् मान खाली घातली. छत काढा म्हणणार कसं. लग्नाच्या आधी मांडव उतरवणं ह्याच्यासारखा अपशकून न्हाई आमच्यात. मांडव परततात ते लग्न लागल्यावर, पूजा करून. त्याच्या आधी कापडाला हात लावला मतलब आपल्या हातानं मोडता घातला. अन् वरून शेषराव, बाकीची दोस्त मंडळी, त्यांनी रात्र रात्र जागून लावलेलं. व्याह्याकडची तर निम्मी माणसं मंडपवाल्याच्या पोरीचा मंडप पाहायलाच येणार व्हती.

मी पहिले मनीषाच्या आईला सांगितलं. तिनं डोक्याला हात लावला, म्हणली, आजच्या दिवस गप बसा, देव बघून घेईल. मंग मी आतल्या खोलीत गेलो. मनीषा बसल्ती, अंगाला हळद, हाताला मेंदी, बाजूला पोरी. म्या पोरींना बाहेर काढलं. अन् सांगितलं, बाई, असं असं हाये, आभाळ मला बरं दिसून न्हाई राह्यलं. वावधान येईल का न येईल मला ठावं न्हाई. छत ठेवलं अन् ते आलं तर खाली हजार माणूस असंल, बाया असतील, लेकरं असतील, अन् ते सगळे पाइप धरायला जातील. तू सांग.

तिनं हाताच्या मेंदीकडं पाह्यलं. मंग म्हणली, काढा. एवढंच म्हणली अन् तोंड भिताडाकडं फिरवलं.

मी बाहेर आलो. शेषरावला सांगायचं मव्ह्या जिवावर आल्तं. पण ऐकल्या ऐकल्या शेषरावनं चप्पल काढली, शिडी लावली, अन् पहिली गाठ त्यानंच सोडली. गुलाबी छत खाली आलं तव्हा गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून उभ्या व्हत्या, जसं काय घरात कुणी गेलंय. कमान काढली, झुंबर काढलं, पाइप आडवे केले. राहू दिला तो फकस्त दारातला डहाळ्यांचा मांडव, आंब्याच्या अन् जांभळीच्या फांद्यांचा, भाऊबंदांनी आणून घातलेला. त्याला वारं काय करणार, वारं त्यातून निघून जातं. अन् जेवणाची पंगत गुरुजीला इचारून शाळेच्या खोल्यांत हलवली, शाळेला सुट्टीच व्हती.

आता ऐका गंमत. मुहूर्त दुपारचा. वैशाखाचं ऊन असं कडकडीत, की हंडा ठेवला तर पाणी उकळावं. पावसाच्या भ्यानं म्या छत काढलं अन् माणसं उन्हानं भाजली. डहाळ्यांच्या मांडवात नवरा नवरी अन् मामा मावले, बाकीची वऱ्हाडी मंडळी टॉवेल, उपरणं, पिशवी, जे हाती लागलं ते डोक्यावर धरून उभी. भटजी मंगलाष्टकं भराभरा उरकून राह्यले. व्याह्यांनी डोक्यावर ताट धरल्तं, अन् मव्ह्याकडं पाहून म्हणले, व्याही, गारा लई मोठ्या हायेत हो. माणसं हसली. मी बी हसलो, काय करणार. पण पोरीकडं पाहायची हिंमत झाली न्हाई.

पंगती उठल्या तव्हा उत्तरेला ऐरण उभी राह्यली. सगळ्यांनी पाह्यली. वारं बंद पडलं. मी शाळेच्या वट्ट्यावर उभा, अन् खोटं कशाला बोलू, मनात म्हणलं ये, एकदा ये, मव्ही इज्जत राख. आयुष्यभर पावसाला येऊ नको म्हणणारा मी, त्या दिवशी ये म्हणलो. न्हाई आला. थोडी धूळ उडाली, डहाळ्यांची दोन पानं पडली, ढग सरकत सरकत डोंगराकडं गेला. पोरीची पाठवणी झाली. जाताना ती आईच्या गळ्यात पडून रडली, दादाच्या पडली, मव्ह्या बी पाया पडली, अन् लगेच गाडीत जाऊन बसली. गाडी गेली अन् मी आडव्या पाइपांवर बसून राह्यलो.

संध्याकाळी शेषरावला फोन आला. धावड्याच्या अलीकडं एका वस्तीवर हळदीचा मंडप उडाला. आम्ही दोघं टेम्पो घेऊन गेलो, मंडपवाल्यांत अशा टायमाला इचारत न्हाईत कुणाचा हाये. तिथं पाहतो तर गारांचा खच, छत दूर मोसंबीच्या बागेत जाऊन अडकलं, पाइप वाकलेले, अन् एका बाईचा हात मोडलेला. जीव कुणाचा गेला न्हाई, देवाची किरपा. त्या बाईचा नवरा मला सांगून राह्यला व्हता, आम्ही सगळ्यांनी लई धरून ठेवला हो, लई धरला. मी म्हणलो, हो बाबा. दुसरं काय म्हणणार. वाकलेले पाइप उचलता उचलता मला समजलं का तुरळक ठिकाण म्हणतात ते हे हाये. त्याला नाव असतं, दार असतं, दारात हळदीची वाटी सांडलेली असते. आपल्याला नाव ठावं नसतं म्हून आपण हसतो.

पण हे गावाला कोण सांगणार. गावाला एवढंच ठावं, मंडपवाल्याच्या पोरीचं लगीन बिगर मंडपाचं लागलं. वरीसभर ऐकलं म्या. हॉटेलात चहा प्यायला गेलो का म्हणायचे, बबनराव, आज छत ठेवू का काढू. व्याही फोनवर पहिले हेच इचारायचे, काय व्याही, आभाळ कसं हाये. त्याचं मला काही वाटत न्हाई, चेष्टा करणारा माणूस आपला असतो. वाटायचं ते पोरीचं. सणाला यायची, हसायची, बोलायची, पण त्या दिवसाचं नाव काढायची न्हाई. अन् मला तिचं ते भिताडाकडं फिरवलेलं तोंड दिसायचं. रागानं फिरवलं असंल का, बापानं एवढी एक हौस पुरी केली न्हाई म्हून. इचारावं वाटायचं. बापाला इचारता येत न्हाई असं काही. मी मनीषाच्या आईला इचार म्हणलो, तर ती म्हणली, झालं गेलं, कशाला उकरता.

मंग औंदा ती बाळंतपणाला आली. मुलगी झाली. बारशाला म्या ठरवलं, त्या वेळचा मंडप राह्यलाय तो आता घालायचा. शेषरावनं तेच गुलाबी छत आणलं. दारात लावलं, खाली पाळणा बांधला, अंबडहून व्याही मंडळी आली. अन् काय म्हणावं, त्याच दिवशी सकाळी पिवळा आल्ता तो दुपारी नारंगी झाला. पश्चिमेला गड्डा चढायला लागला. मला दिसत व्हतं सगळं. दादा काठीनं मव्ह्या पायाला टोचून राह्यला व्हता. पण एकाच पोरीचं छत दोनदा कसं काढू. बाया पाळणा म्हणून राह्यल्या व्हत्या अन् मी खांबाला पाठ लावून उभा, दगडावानी.

तेवढ्यात मनीषा लेकराला घेऊन दारात आली. तिनं पहिले मव्ह्या तोंडाकडं पाह्यलं, मंग मान वळवून पश्चिमेकडं पाह्यलं. अन् म्हणली, शेषरावकाका, छत सोडा. बायांनो, पाळणा आत घ्या.

व्याही लगेच म्हणले, सूनबाई, तो पडत नसतो, तो तुझ्या बापाचा ढग हाये.

ती सासऱ्याला म्हणली, मामा, तो तुरळक ठिकाणी पडतो. मागच्या खेपेला आपल्याला सोडून धावड्याकडं एका बाईचा हात मोडला त्यानं, शेषरावकाकानं सांगितलं मला. आज ते ठिकाण आपलं असलं तर?

मंग मव्ह्याकडं वळली. म्हणली, बाबा, त्या दिवशी मला रडू आल्तं, तुम्हाला दिसू नये म्हून तोंड फिरवलं. काढा म्हणले ते मनापासून म्हणले व्हते. उभे काय राह्यले, दोरी सोडा.

म्या दोरीला हात घातला. आयुष्यात एवढ्या गाठी सोडल्या, पण त्या दिवशीची सुटंना, दादानं येऊन सोडवली ती गाठ. छत खाली आलं, लेकरू आत गेलं, बाया आतल्या खोलीत दाटीवाटीनं बसल्या अन् पाळणा पहिल्यापासून म्हणला. पाऊस म्हणता? चार थेंब आले. मोजून चार. व्याह्यांनी हात बाहेर काढून पाह्यला, म्हणले, पोरीचं नाव नारंगी ठेवा. तव्हा पहिले मनीषा हसली, मंग मी हसलो, अन् असा हसलो का मनीषाची आई म्हणली, यांना काय झालं.

नाव स्वरा ठेवलं. आता व्याहीच तिकडून फोन करतात, मस्करीनं सुरू करतात, पण शेवटी इचारतात, व्याही, खळ्यावर मका पडलीय, पिवळा आलाय, झाकू का. मी म्हणतो झाका, न्हाई आला तर उघडा, झाकायला काय जातं.

आता तुम्ही निघणार ना जालन्याला? ते वर पांढरं दिसतंय ते गरीब हाये, पिंजलेलं, त्याची फिकीर करू नका. बिनघोर जा. पण मोबाइल वाजला तर थोडं उलीसाक पहा, हसू नका, अन् गाडी झाडाखाली लावू नका. लेकरंबाळं सुखी राहोत तुमची, डोक्यावरचं छत जाग्यावर राहो. बसा जरा, चहा टाकलाय, तो पिऊन जा.